वेगळ्या चुलीचा शिधा

मानेवाड्यातल्या रुपराव भोयरांच्या घरात सकाळी साडेसहाला दोन कुकर शिट्ट्या मारायचे, एक खाली आणि एक वर. घरात माणसं मोजून पाच. कोळसा खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेले रुपराव, त्यांची बायको प्रयागबाई, मुलगा पियुष, सून मिनल आणि नऊ वर्षांची नात अदिती. पाच माणसांच्या वरणभाताला दोन कुकर कशाला लागतात, हे गल्लीत कोणी विचारलं नाही. कोणाच्या घरी कोणती भाजी शिजली ते वासावरून सांगणारी आपली माणसं, नेमकं विचारायचं तिथे फार सभ्य होतात.

वरचा कुकर मिनलचा. जिना चढून गेलं की गच्चीला लागून एक खोली होती. तिथे टेबलावर दोन बर्नरची शेगडी, खाली सिलिंडर, खिळ्याला टांगलेला एक जाड लोखंडी तवा. मिनल आणि अदिती चौदा महिन्यांपासून या खोलीत राहत होत्या. पियुषचं जेवणखाण, झोपणं, आजारपण, सगळं खाली आईकडे. नवरा-बायकोत बोलणं उरलं नव्हतं. काही सांगायचं असलं तर दोघंही पोरीला जिन्यावरून पळवायची.

एका शनिवारी सकाळीही तेच चाललं होतं.

"बाबाले जाऊन सांग, सोमवारी शाळेत पालकांची मीटिंग हाय."

अदिती खाली गेली, वर आली. "बाबा म्हणते, तुह्या मायलेच पाठव."

"त्यायले म्हण, मायनं मागच्या तीन मीटिंगा केल्या."

पोरगी पुन्हा खाली गेली आणि या वेळी वर आलीच नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिली. तिला कोणाकडेच जायचं नव्हतं.

या दोघांचं का बिनसलं ते मी सांगत बसत नाही. संसार मोडायला काहीतरी मोठं कारण लागतं ही आपली समजूत आहे, आणि ते कारण सापडलं नाही की आपण ते बाईत शोधतो. गेल्या वर्षी आषाढात एका दुपारी पियुष म्हणाला, "मले तुह्यासंग राहायचं नाही." मिनल म्हणाली, "मलेही नाही." त्या घरात दोघांचं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. पण वेगळं व्हायचं तर रीतसर कोर्टातून, पोरीचं नीट ठरवून, असं मिनलचं म्हणणं होतं. पियुषला कोर्ट नको होतं. त्याला फक्त ती डोळ्यांसमोर नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिनल स्वयंपाकघरात शिरली तेव्हा प्रयागबाई ओट्याला आडवी उभी राहिली. पदरात पायलीभर ज्वारीचं पीठ, मिठाची पुडी आणि हातात जुना लोखंडी तवा. तिने ते सगळं सुनेच्या पुढ्यात ठेवलं.

"घे. आजपासून तुही चूल वेगळी. माह्या पोराचं खरकटंही तुले भेटणार नाही."

भोयरांच्या भावकीत भाऊ-भाऊ वेगळे निघाले की आई नव्या चुलीला आपल्या हाताने पहिला शिधा देते. तो मानाचा असतो. सुनेला नवऱ्यापासून वेगळी चूल देणं मात्र कोणी ऐकलं नव्हतं. प्रयागबाईने ते अपमान करायलाच केलं. मिनलने पीठ उचललं, तवा उचलला आणि वर गेली. त्याच तव्यावर तिने त्या दिवशी भाकरी थापली. सासूला वाटलं होतं, चार दिवसांत रडत खाली येईल. ती आली नाही.

मात्र पाहुणे आले की तिला खाली बोलावणं यायचं. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या, सावनेरहून सगळी भावकी आली, आणि जिन्यातून निरोप आला: शालू नेसून ये, जोडीने पूजेला बसायचं आहे. मिनल बसली. पियुषच्या हाताला हात लावून तिने पाणी सोडलं, सोळा भाज्या वाढल्या, मोठ्यांच्या पाया पडली, आणि पाहुण्यांच्या गाड्या निघाल्याबरोबर वर आपल्या खोलीत जाऊन शालू फाडल्यासारखा ओढून काढला. दाखवायची सून खाली, टाकलेली सून वर. बाई एकच. ही आपल्याकडची जुनी सोय आहे आणि तिला आपण घरंदाजपणा म्हणतो.

आता दुसऱ्या वर्षाच्या महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. त्याच शनिवारी दुपारी रुपरावांनी सुनेला खाली बोलावलं. समोर स्टॅम्पपेपर होता.

"सावनेरची एक सोयरीक हाय पियुषसाठी," ते म्हणाले. "मानसं चांगली हायेत. पन पयली घरात नको म्हनते. तू या फारकतनाम्यावर सई कर अन् कन्हानले बापाच्या घरी जाय. पोरगी पाह्यजे त ने, नाही पाह्यजे त ठेव."

मिनलने कागद वाचला. 'मी स्वखुशीने सासरचे घर कायमचे सोडत असून माझा या घरावर कोणताही हक्क नाही,' अशी सुरुवात होती.

"आमचा घटस्फोट कुठं झाला, मामंजी?"

"हाच घटस्फोट. नोटरी करून देते. माह्या चुलतभावाच्या पोराचं असंच झालं. कुठं अडलं त्याचं?"

"मी सई नाही करत."

"घर माह्यं हाय," रुपराव म्हणाले. आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. "माह्या नावचं हाय. तू इथं कोन?"

पियुष सोफ्यावर मोबाइल बघत होता. त्याने मान वर केली नाही. प्रयागबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मिनल रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. लॅबजवळ शामला नावाच्या वकीलबाईंचं ऑफिस होतं, आणि लॅबमधल्याच एका मैत्रिणीने तिला महिनाभरापूर्वी तिथे नेलं होतं. फारकतनाम्याचा फोटो तिने त्याच संध्याकाळी शामलाताईंना दाखवला.

"मॅडम, एकाच घरात राहून आम्ही वेगळे राहतो असं कायद्यानं म्हणता येते का? सगळे म्हणते, एका छपराखाली असाल तर कोर्ट नाही मानत."

"मानतं," शामलाताई म्हणाल्या. "वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न नांदणं. छप्पर एक असलं तरी चालतं. परस्पर संमतीच्या अर्जाला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, ते तुमचं झालंय. पण त्याला दोघांची सही लागते आणि तो ती देत नाही. त्याला तुम्ही आधी घराबाहेर हव्या आहात."

"घर सासऱ्याच्या नावावर हाय ना पण."

"असू दे. तुम्ही त्या घरात संसार केलाय, अजून तिथेच राहताय. ते तुमचं सामायिक घर. मालकीचा हक्क मिळत नाही, राहण्याचा मिळतो. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला कोणी हाताला धरून बाहेर काढू शकत नाही. आणि हा नोटरीचा कागद लग्न मोडत नाही. त्यावर सही केली तर एकच होईल, 'मी आपणहून गेले' हे तुमच्याच हातचं त्यांना मिळेल." त्यांनी मोबाइल परत केला. "एक लक्षात ठेवा. घर सोडू नका."

मिनलने घर सोडलं नाही. घरानेच तिला सोडलं, आणि ते कसं, तेच मला सांगायचं आहे.

पुढच्याच शनिवारी कन्हानला तिच्या आईच्या, जयवंताबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू पिकला होता. मिनल दोन दिवसांचे कपडे एका पिशवीत घालून अदितीला घेऊन गेली. जाताना खोलीला कुलूप लावलं आणि खाली सांगून गेली, "सोमवारी सकाळी येतो." रुपरावांनी वर्तमानपत्रातून मान हलवली.

रविवारी अकराच्या सुमारास मिनल अदितीला घेऊन दवाखान्यात आईजवळ बसली होती. तिचे वडील धोंडबा घरी एकटे होते. दारात टेम्पो येऊन थांबला. आत शेगडी, सिलिंडर, डबे, गादी, दोन पोती कपडे, अदितीचं दप्तर आणि तवा. बरोबर पियुषचा एक मित्र होता.

"काका, मिनलवहिनीचं सामान हाय. तिनंच बोलावलं."

धोंडबा सरळ माणूस. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात आणि नंतर पेपर मिलमध्ये राबलेला. दारात आलेल्या माणसाला उन्हात उभं ठेवायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. मुलीला फोन करून विचारावं हे त्याच्या डोक्यात आलं, पण टेम्पोवाला घाई करत होता, आणि मुलीच्या घरच्या माणसापुढे फोन लावणं त्याला बरं वाटलं नाही. त्याने स्वतः पोती उतरवून घेतली. माणसांना पाणी दिलं. पियुषच्या मित्राने मोबाइलवर फोटो काढले तेव्हा धोंडबा गादी खांद्यावर घेऊन उभा होता.

भोयरांच्या भावकीत आणखी एक रीत आहे. बाईचं सामान माहेरच्या दारात पोहोचवायचं, आणि माहेरच्या माणसाने ते आपल्या हाताने उतरवून घेतलं की फारकत झाली. न उतरवता परत पाठवलं तर नाही. धोंडबालाही ही रीत ठाऊक होती. त्याच्याच चुलत बहिणीचं सामान असंच आलं होतं, आणि त्याच्या बापाने टेम्पो तसाच परत लावला होता. पण मुलगी स्वतःच सामान मागवते म्हटल्यावर त्याच्या मनात ते आलं नाही. मिनल घरी आली आणि अंगणातलं सामान बघून जागच्या जागी उभी राहिली, तेव्हा आलं.

"बापू, हे तुमी उतरवून घेतलं?"

"तू बोलावलं म्हने वं."

म्हातारा खाली बसला. मला त्याचा राग येत नाही. ज्यांनी त्याचा भलेपणा ओळखून त्याच्यावर टेम्पो धाडला, त्यांचा येतो.

सोमवारी सकाळी मिनल मानेवाड्याला आली. जिन्याच्या तोंडाशी नवं लोखंडी दार बसवलेलं होतं आणि त्याला कुलूप. रुपराव अंगणात तुळशीला पाणी घालत होते.

"सामान तुह्या बापानं उतरवून घेतलं," ते म्हणाले. "आता इथं काय हाय तुह्यं?"

मिनल त्या लोखंडी दारापुढे पायरीवर बसली. अदिती शेजारी, शाळेच्या गणवेशात. दीड तास बसल्या. समोरच्या घरातले मधुसूदन काका फाटक उघडून कामावर निघाले. चौदा महिने रोज सकाळी मिनलला कामावर निघताना पाहणारा हा माणूस. ती उठून त्यांच्याकडे गेली.

"काका, मी इथंच राहत होती, हे तुम्ही कोर्टात सांगसान का?"

काकांनी हेल्मेट घातलं. "घरातला मामला हाय, बेटा. आमी शेजारी. उद्या रुपरावभाऊचं तोंड पाह्यचं हाय मले." आणि गेले.

पलीकडच्या घरातल्या बाईंनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, त्यांना बीपी आहे, कोर्टाचं टेन्शन झेपत नाही. या बाई दर महालक्ष्म्यांना मिनलच्या हातचं वाढून खात होत्या.

पुढचे सव्वीस दिवस अदिती कन्हानहून मानेवाड्याच्या शाळेत आली. पाचला उठायचं, बस बदलून यायचं. मिनल तिला सोडून रामदासपेठेत कामावर जायची. पोरीच्या वहीत 'उशिरा आली' असे शेरे पडू लागले. तिने एकदा आईला विचारलं, "आपलं घर आता कोणतं?"

शामलाताईंनी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज लावला. मागणी एकच होती. खोली परत द्या, निकाल लागेपर्यंत राहू द्या. संरक्षण अधिकारी येऊन गेल्या आणि अहवाल देऊन गेल्या. पण रुपरावांचा जबाब भक्कम होता. सून चौदा महिन्यांपूर्वीच संसार मोडून बसली होती. आता ती स्वखुशीने सामान घेऊन माहेरी गेली, माहेरानेही ते स्वीकारलं. घर सासऱ्याच्या मालकीचं. सोबत फोटो. आणि सगळ्यांत वर सासूचं प्रतिज्ञापत्र. बाईविरुद्ध बाईचीच साक्ष लावली की काम सोपं होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ते प्रतिज्ञापत्र कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली, एका टायपिस्टच्या टेबलावर तयार झालं. प्रयागबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिला सही येत होती, भरभर वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं हाय जी याच्यात?" तिने विचारलं.

"घरातलंच हाय," रुपराव म्हणाले. "सई कर."

तिने सही केली.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात सुनावणी होती त्या दिवशी खोलीतला एक पंखा बंद होता. न्यायदंडाधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांच्यासमोर पन्नास फायली. भोयरांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा एक वाजत आला होता. मिनल एका बाजूला, धोंडबा तिच्या मागे. दुसऱ्या बाजूला रुपराव, पियुष आणि डोक्यावरून पदर घेतलेली प्रयागबाई.

भोयरांच्या वकिलांनी फोटो पुढे केले. "पाहा, अर्जदाराचे वडील स्वतः सामान उतरवत आहेत. सासूबाईंचं शपथेवरचं म्हणणं आहे की सून स्वखुशीने गेली."

न्यायाधीशबाईंनी प्रतिज्ञापत्र चाळलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "सासूबाई हजर आहेत? पुढे या, आजी. ही सही तुमची?"

"हो जी. सई माही हाय."

"मजकूर वाचलाय का तुम्ही? 'सून दिनांक सात रोजी आपल्या मर्जीने, आपली शेगडी, भांडी व सर्व सामान घेऊन कायमची माहेरी गेली. आम्ही तिला घरात वेगळे राहण्यास कधीही जागा दिली नव्हती.' हे तुमचं म्हणणं आहे?"

प्रयागबाईने पदर पुढे ओढला. वकिलांनी तिच्यासमोर फोटो धरला. "आजी, हे सामान ओळखता ना? सुनेचंच आहे ना?"

तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला. अंगणातल्या धुळीत पोत्यांच्या कडेला तवा पडला होता. पालथा.

"हा तवा माह्या मायचा हाय," ती म्हणाली.

"बरं. पण सामान..."

"कोनं असा पालथा टाकला?" तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "मयत झालेल्या घरी पालथा घालते तवा. कोन मेलं व्हतं?"

"आई, चूप," पियुष म्हणाला. खटला सुरू झाल्यापासून त्याने तोंडातून काढलेला हा पहिला शब्द.

"आजींना बोलू द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आजी, कोर्टाला फक्त एवढं सांगा. सून घर सोडून गेली का?"

प्रयागबाईने फोटो टेबलावर ठेवला. पदर सारखा केला. त्या दिवशी टेम्पो भरताना ती स्वयंपाकघरात होती. वरून डबे आपटल्याचे आवाज येत होते आणि ती हातातली मेथी निवडत राहिली होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

"मजकूर यायचा हाय, बाईसाहेब, माह्या मालकाचा. बेचाळीस वर्सं झाले, म्हनते तिथं सई करून राहिली मी. ती गेली नाही. तिचं सामान गेलं. ती मायच्या डोयाच्या आपरेशनले गेली व्हती, दोन दिवसांसाठी. नातीचं दप्तर घरातच व्हतं. दप्तर ठिवून कोनी कायमचं जाते का?"

"आणि तिला वेगळं राहायला जागा दिली नव्हती, हे?"

"देल्ली व्हती. मीच देल्ली. माह्या हातानं शिधा देल्ला तिले, अन् हा तवा."

"शिधा?"

"पयलं पीठमीठ. वेगळ्या चुलीले घरातली मोठी बाई देते. प्रेमानं नाही देल्ला मी, रागानं देल्ला. हिनं माह्या पोराचं घर मोडलं असं मले वाटे. आताही वाटते." तिने मिनलकडे पाहिलंसुद्धा नाही. "पन देल्ला त देल्ला. आमच्यात ज्याले शिधा देल्ला त्याले छप्पर देल्लं असं म्हनते. त्यानं मनानं सोडलं त सोडलं, आपुन नाही काढत. हे बी मानते," तिने मान किंचित नवऱ्याकडे वळवली, "भाऊ वेगळा निघाला त्या वक्ताले मानलं व्हतं यायनं. सुनेच्या वक्ताले काहून नाही मानत, ते यायलेच विचारा."

रुपरावांनी वकिलांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. वकिलांनी पुढची तारीख मागितली. न्यायाधीशबाईंनी तारीख दिली, पण त्याआधी लघुलेखकाला बसवून अंतरिम आदेश सांगितला. अर्जदार त्या घरात, वेगळ्या खोलीत, वेगळ्या चुलीवर, अखेरपर्यंत राहत होती हे प्रथमदर्शनी दिसतं. घर कोणाच्या नावावर आहे याने तिचा राहण्याचा हक्क आज जात नाही. जिन्याचं कुलूप तीन दिवसांत काढावं, खोलीचा ताबा द्यावा, तिला आणि मुलीला अटकाव करू नये. घटस्फोटाचा प्रश्न त्याच्या जागी, रीतसर.

बाहेर व्हरांड्यात धोंडबाने प्रयागबाईपुढे हात जोडले. तिने तोंड फिरवलं.

संरक्षण अधिकाऱ्यांसमोर शुक्रवारी कुलूप निघालं. कन्हानहून तोच टेम्पो परत आला, या वेळी धोंडबा स्वतः पुढे बसून. शेगडी वर चढली, तवा खिळ्यावर गेला, अदितीने दप्तर आपल्या कोपऱ्यात ठेवलं. गल्लीतली सगळी फाटकं त्या दिवशी काही ना काही कामासाठी उघडी होती. बोललं कोणी नाही.

तुम्हाला वाटत असेल, आता सासू-सून गळ्यात पडल्या. तसं काही झालं नाही. त्या घरात राग पूर्वीइतकाच होता, फक्त त्याने जागा बदलली. कोर्टातून आल्यापासून रुपराव बायकोशी बोलत नव्हते. शनिवारी सकाळी तिने ताट वाढून ठेवलं, ते त्यांनी सरकवलं.

"तुह्या हातचं नको मले. माह्या चुलीले हात लावजो नको. जाय तिच्याचकडं, लय पुळका आला व्हता ना कोर्टात."

प्रयागबाईने ताट झाकून ठेवलं. मग गुडघ्यावर हात देत जिना चढली. वेगळी चूल दिल्यापासून पहिल्यांदा. मिनल कुकर लावत होती. दारात सासू पाहून तिने गॅस बारीक केला.

"काय पाह्यजे?"

"शिधा पाह्यजे."

मिनलला आधी कळलं नाही. मग कळलं. चौदा महिन्यांचं सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं, ओट्याला आडवी उभी राहिलेली ही बाई, खरकट्याचा तो शब्द, महालक्ष्म्यांचा शालू. तिने पिठाचा डबा उघडला. पायली नव्हती, म्हणून पातेलं भरून घेतलं. मिठाची पुडी बांधली. मग खिळ्यावरचा तवा काढला.

"घ्या," ती म्हणाली. "आजपासून तुमची चूल वेगळी."

तिला ते बोचेल असं बोलायचं होतं, आणि बोचलं. प्रयागबाईने पदर पसरून पीठ घेतलं. तवा मात्र परत केला. "देल्लेला वापस नाही घेत. मले दुसरा आन."

"कुठं मांडता?" मिनलने विचारलं. "इथं जागा नाही. पोरीचा अभ्यास असते."

"इथं कायले? खालीच मांडतो, माह्या सैपाकघरात." ती जिन्याकडे वळली. "मी कुठंच नाही चालली. निघायचं असन त ते निघतीन."

दुसऱ्या दिवशी रविवारी त्या घरात तीन कुकर वाजले. वरचा मिनलचा. खालचा पहिला प्रयागबाईचा, तिचा एकटीचा वरणभात. दुसरा उशिरा, साडेनऊला, कारण पियुष आणि रुपराव बराच वेळ त्यात पाणी किती घालायचं ते ठरवत उभे होते. भात खाली लागला. करपल्याचा वास मधुसूदन काकांच्या ओट्यापर्यंत गेला.

मिनलच्या अर्जाची पुढची तारीख बारा नोव्हेंबरला आहे. शामलाताईंना अजून साक्षीदार हवे आहेत, कारण सासूने एकदा खरं सांगितलं म्हणून खटला संपत नाही, आणि त्या बाईवर घरात आता काय काय येईल हे सांगता येत नाही. मानेवाड्यातल्या त्या गल्लीत बावीस घरं आहेत. तीन कुकर बावीसही घरांनी ऐकले. वाचकहो, तुमच्याही भिंतीपलीकडून दोन शिट्ट्या येत असतील. उद्या तिथली एखादी बाई पायरीवरून उठून तुमच्या फाटकाशी आली, तर तुम्ही हेल्मेट घालणार आहात का, एवढं आजच ठरवून ठेवा.